भिंतीतली चार भोकं

नवस एकाने बोलायचा, मलिदा दुसरीने करायचा आणि खांदा तिसरीचा कापायचा. आपटेकरांच्या घरात कामाची वाटणी पहिल्यापासून अशी चोख. हेप्झिबाला हे सुचलं तेव्हा ती स्वयंपाकघरात पाटावर बसून डाव्या हाताने वेलदोडे सोलत होती आणि शेजारी तिची वहिनी ज्युडिथ विळीवर नारळ खवत होती. हेप्झिबाचा उजवा हात मांडीवर पडला होता, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा. त्याला कामाला लावता येत नव्हतं आणि घालवूनही देता येत नव्हतं.

बाहेरच्या खोलीत भाचा इथन बाकं सरकवत होता. एरवी त्या बाकांवर दहावीची पोरं गणिताला बसत. आज संध्याकाळी तिथे मलिद्याला, म्हणजे नवसाच्या ताटाभोवतीच्या प्रार्थनेला, माणसं बसणार होती. सरकवता सरकवता आवाज थांबला.

"आत्या, हा फळा खाली कधी आला?"

"आला नाही, आणला. सुताराने."

"म्हणजे हात वर जातच नाही तुझा."

"वर बघून पोरांच्या माना दुखत होत्या."

"खोटं बोलतेस."

"गणिताची बाई आहे मी. खोटं बोलले तर उत्तर चुकतं."

पण इथन आता फळ्याकडे बघत नव्हता. फळ्याच्या वर, भिंतीत, जुन्या स्क्रूंची चार भोकं उघडी पडली होती. इतकी वर्षं तो लांबलचक फळा वरच्या कडेला त्या चार स्क्रूंवर तोललेला होता. त्याने एका भोकात बोट घातलं तशी चुन्याची ढेकळं खाली पडली. "फारच भकास दिसतंय हे. उरण नाक्यावरून पुट्टी आणतो," तो म्हणाला. हेप्झिबाने पुढचा वेलदोडा उचलला. काही प्रश्न पोरांनी आधी स्वतः सोडवून बघावेत, अशी तिची पद्धत होती.

माणसांचे हिशेब मांडायची तिला जुनी खोड. मोठा भाऊ राफेल: जमेला माया, खर्चाला हे, की जो शेवटी बोलेल त्याचंच त्याला पटतं. ज्युडिथ: हाताला चव आणि जिभेला धार, दोन्ही जमेलाच, कारण तिच्या धारेने या घराच्या बऱ्याच गाठी सोडवल्या होत्या. आणि इथन, त्या दोघांचा एकुलता, इस्राएलात अश्दोदला घर करून बसलेला. समुद्रापार इतकी वर्षं काढूनही त्याला मराठीत भांडता येत होतं, ही त्याची जमा. आणि सुट्टी काढून तो आत्याचा खांदा बघायला आला होता, हीसुद्धा जमाच. खर्चाची बाजू एवढीच की खांदा बघायला आला आणि घरच उचलून न्यायला निघाला.

खांद्याची कथा आता उभ्या आळीला पाठ होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत हेप्झिबा ऑक्सिजनवर होती, तेव्हा स्टिरॉइडने तिला मरणाच्या दारातून ओढून आणलं. मग त्याच स्टिरॉइडने सावकाश वसुली सुरू केली. उजव्या खांद्याच्या हाडाचं रक्त आटलं आणि हाड आतून मरायला लागलं. जीव आला, खांदा गेला. हा सौदा हेप्झिबाला मान्य होता. तिची तक्रार निराळी होती. उरलेल्या हाडाचं काय करायचं ते तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

"करून टाक गो एकदाचं," ज्युडिथ म्हणाली. "दात किडला की काढतोच ना आपण?"

"माझा खांदा म्हणजे अक्कलदाढ नाही, वहिनी."

"तुझी ती डॉक्टरीणबाई तुझ्या मनासारखं बोलते. शिष्या पडली ना तुझी."

शिष्या खरीच. डॉ. समीक्षा म्हात्रे एकेकाळी याच खोलीत दुसऱ्या बाकावर बसायची. आठवड्यापूर्वी तिने आपल्या खोलीत एमआरआयचे फोटो दिव्यावर लावले होते.

"टीचर, हा खांद्याचा गोळा, ही त्याची वाटी. गोळ्यातला हा भाग मेलाय. पण वरचा गोलावा बघा. अजून खचलेला नाही."

"नारळासारखं. करवंटी धड, आतलं खोबरं सुटलंय."

"तसंच. म्हणून आत्ता नुसती बारीक छिद्रं पाडायची. आतला दाब सुटतो, नव्या रक्ताला वाट मिळते. तुमचा खांदा तुमच्याकडेच राहतो."

"आणि खचला तर?"

"तर गोळा काढून धातूचा बसवायचा. वाटीही झिजली असली तर तीही बदलायची. आणि भोवतीचे स्नायूबंध तुटले असले तर उलटा सांधा असतो, वाटीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी. पण ती फार पुढची गोष्ट. तुमचं वय अजून लहान आहे टीचर, सांध्यांच्या हिशेबाने. आज सबंध सांधा बसवला तर पुढे तो सैल होऊन परत उघडायची पाळी येऊ शकते. वजन उचलायला बंधनं येतात ती वेगळी."

"छिद्रांवर पास होईन का ते सांग."

"खात्री नाही देणार. काहींचं हाड तरीही खचतं. पण थांबलात आणि आधीच खचलं, तर छिद्रं पाडून काही फायदा नाही. पोरांच्या परीक्षा संपल्यावर नको. आत्ताच."

समीक्षा भूमितीत कच्ची होती. पण जे उदाहरण येत नसे ते ती कोरं सोडायची. शेजारणीच्या वहीतून उतरवायची नाही. खात्री नाही असं तोंडावर सांगणाऱ्या माणसावर हेप्झिबाचा म्हणूनच भरवसा. तिने बुधवारची तारीख घेतली आणि घरी येऊन सांगितली.

पण तोवर राफेलचा नवस बोलून झाला होता. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीचा उरूस भरतो. संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या म्हणून बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू माणसं, दर वर्षी तिथे जमतात. इथन आईबापांना गाडीने घेऊन गेला. परत आल्यावर त्यानेच सगळ्यांना सांगितलं, की बाबांनी नवस बोललाय: आत्याचा खांदा अश्दोदला नेऊन सबंध नवा बसवायचा. आणि नवसाचा मलिदा आज घरी.

"इथनने तिकडच्या डॉक्टरला सगळं दाखवलंय," ज्युडिथने दुसरी कवड हातात घेतली. "किती जीव टाकतो तुझ्यावर."

"टाकतो खरा. मी तिकडे गेले तर माझ्यासोबत कोण येणार, ते सांगितलं का तुला?"

"कोण म्हणजे?"

"माझी वेणी कोण घालणार? भाऊला स्वतःच्या शर्टाचं बटण सापडत नाही. म्हणजे तू. आणि तू आलीस की भाऊ काय इथे पिठलं ढवळत बसणार आहे? तोही आला. मग या घराला कुलूप. आणि कुलूप लागलेलं घर पनवेलात किती दिवस बिल्डरच्या नजरेतून सुटतं?"

विळीचा आवाज थांबला.

"तो असं म्हणाला?"

"म्हणाला नाही. नवं घर घेतलंय ते फोनवर दाखवत होता. त्यांची खोली, पोरीची खोली, माझी खोली. आणि एक बाल्कनीची. ती कुणाची, मी विचारलं नाही."

ज्युडिथ हातातल्या कवडीकडे बघत राहिली. नातीच्या वेळी ती अश्दोदला मोठा मुक्काम करून आली होती. आल्यावर शेजारीपाजारी कौतुकच सांगितलं: समुद्र कसा, रस्ते कसे. आज पहिल्यांदा ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला हिब्रूत देवाशी बोलता येतं गो, हेप्झी. भाजीवाल्याशी नाही."

"मग सांग की त्याला."

"पोटचा पोर आहे. वर्षाने तोंड दिसतं त्याचं. तू सांगशील आणि सुटशील, मला त्याच्या फोनची वाट बघत जगायचंय." आणि ती पुन्हा जोरजोरात खवायला लागली, जणू नारळानेच काही तरी म्हटलं होतं.

हेप्झिबाने वहिनीच्या नावापुढचा आकडा पुसला आणि ती जागा कोरी ठेवली.

संध्याकाळी माणसं जमली. पनवेलात उरलेली थोडी बेने इस्राएल घरं आणि त्यांच्यात मिसळून गेलेले शेजारी. पलीकडच्या दारची सफूरा गुलाब घेऊन आली आणि दाराजवळ तिच्या ठरलेल्या जागी बसली. तिचा मुलगा रय्यान कुवेतला गेल्यापासून तिला अशा बैठकांची फार हौस. मधोमध चौरंगावर ताट होतं. गूळखोबऱ्यातले पोहे, त्यावर बदामाचे काप, भोवती पाच फळं, मध्ये गुलाब. राफेल टोपी सारखी करत ताटासमोर उभा राहिला.

आता प्रार्थनेआधी नवस मोठ्याने सांगायचा. ही खास आपटेकरांची रीत. आपट्याला पाताळगंगेच्या काठी पणजोबांचा तेलाचा घाणा होता, तेव्हा त्यांनी एकदा मनातल्या मनात नवस बोलून मलिदा केला. पुढे घाण्याचा आजारी बैलही उठला आणि धाकट्या सुनेला मुलगाही झाला. मलिदा नेमका कुणाला पावला यावरून त्यांचे दोन्ही मुलगे तीन पावसाळे एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हापासून या घरात देवाकडे जे मागायचं ते चारचौघांत, ऐकू जाईल असं.

"एलियाहू हन्नबीच्या नावाने," राफेलने घसा साफ केला, इथनकडे बघितलं आणि बहिणीकडे बघायचं टाळलं. "हेप्झीचं ऑपरेशन अश्दोदला सुखरूप व्हावं, तिला नवा खांदा..."

"थांब, भाऊ."

खोलीत कुणी तरी खाकरलं. इथन पुढे झाला. "आत्या, मलिद्यात मध्ये बोलत नाहीत."

"अजून सुरू कुठे झालाय? पणजोबांनी मोठ्याने सांगायची रीत का घातली? चुकलं तर तिथल्या तिथे खोडता यावं म्हणून. मी खोडतेय. मी अश्दोदला येत नाही. मला नवा खांदा नको, जुनाच हवाय. बुधवारी इथेच छिद्रं पाडून घेणार."

"छिद्रं!" इथनने हात वर केले. "नुसती भोकं पाडून काय होतं? सहा महिन्यांनी खचलं की पुन्हा ऑपरेशन. त्यापेक्षा एकदाच..."

"तुझ्या डॉक्टरने काय म्हटलं? तुझं नको, त्याचं सांग. शब्द न गाळता."

इथनने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"सांग की रे," सफूरा दाराजवळून म्हणाली. "आमच्यात निकाहालासुद्धा पोरीला विचारतात, बेटा. कबूल आहे का म्हणून. इथे तर सरळ हाडच बदलायचं म्हणतोयस."

कुणी तरी हसलं. इथनचे कान लाल झाले. "तो म्हणाला, इतक्या लवकर सापडलंय तर आधी छिद्रं पाडून बघणंही बरोबर आहे. पण बदलायचं ठरलं तर इकडे घेऊन या म्हणाला."

"म्हणजे तोही समीक्षाच्याच बाकावर बसलाय," हेप्झिबा म्हणाली. "तू मधली पायरी गाळलीस, राजा. मी अशा उत्तराला मार्क देत नाही."

"हो, गाळली!" इथन एकदम ओरडला, आणि त्याच्या आवाजातला तो कोपरा हेप्झिबाने याआधी ऐकला नव्हता. "गाळली मी. तू ऑक्सिजनवर होतीस तेव्हा विमानं बंद होती. मी तिकडे स्वयंपाकघरात फोन धरून उभा. बाबा रडत होते, आईला इस्पितळात आत सोडत नव्हते. फोन वाजला की मला वाटायचं, संपलं. अजून वाटतं. मला तुम्ही तिघं इतक्या लांब नकोत. खांदा निमित्त मिळालं, धरलं मी. चूक आहे?"

आता हसायची कुणाची छाती नव्हती. हेप्झिबाने मनातल्या मनात त्याच्या नावावर बरंच काही जमा केलं. पण जमा केलं म्हणून उत्तर बदलत नाही.

"नाही चूक," ती म्हणाली. "आणि तुझ्या गावात हल्ल्याचा भोंगा वाजतो, तू पोरीला उचलून खालच्या खोलीत पळतोस, तेव्हा आम्ही इथे काय करत असू? वहिनी फोन उशाशी घेऊन झोपते. पण आम्ही कधी म्हटलं का, पोरीला उचल आणि पनवेलला ये? तिथे तुझं घर आहे म्हणून नाही म्हटलं. तसं हे माझं आहे. इथला रिक्षावालासुद्धा मला टीचर म्हणतो, त्याचं वर्गमूळ अजून चुकतं तरी. तिथे मी कोण? इथनची आत्या, खांदेवाली."

"आणि क्लास? हात बांधलेला असताना?"

"माझी दहावीतली अनुया फळ्यावर लिहील, मी खुर्चीत बसून चुका काढेन. चुका काढायला खांदा लागत नाही."

राफेल ताटासमोर अडकून उभा होता. "पण हेप्झी, नवस गो," तो कळवळून म्हणाला. "मी तिथे, खडकासमोर बोलून बसलोय. आता शब्द कसा फिरवू? मला भीती वाटते."

"नवस तू केलास, भाऊ. खांदा माझा आहे. दुसऱ्याच्या झाडाचा नारळ फोडतो म्हणून कुणी नवस बोलतं का?"

"तरी पण शब्द म्हणजे..."

"काय शब्द?" ज्युडिथ उठून उभी राहिली होती. पदराला हात पुसत ती थेट नवऱ्यासमोर आली, मुलाकडे पाठ करून. "मी तुमच्या मागेच होते तिथे. खडकाला हात लावून तुम्ही काय म्हणालात? म्हणा."

"अगं, ते..."

"'हेप्झीचा हात वर जाऊ दे.' एवढंच म्हणालात आणि डोळे पुसलेत. ना अश्दोद म्हणालात, ना नवा खांदा. ते सगळं याने परतीच्या वाटेवर गाडीत म्हटलं, आणि तुम्ही मान डोलावलीत. तुम्ही काय, मान डोलावताच! मीही डोलावली. चुकले." मग ती मुलाकडे वळली, आणि तिची धार जरा खाली आली. "इथन, तुझी बाल्कनीची खोली छान आहे बाळा. मी येईन. उन्हाळ्यात येईन, नातीला मलिदा करून घालीन आणि परतीच्या तिकिटावर येईन."

हेप्झिबाने कोऱ्या जागेत आकडा भरला. एवढा मोठा आकडा या घरात बऱ्याच दिवसांत पडला नव्हता.

"आणि नाहीच जमलं तर?" इथनने विचारलं. आता तो भांडत नव्हता, नुसता विचारत होता. "खचलंच तर, आत्या?"

"तर गोळा बदलू. तेही इथेच. त्याच्या आधी पुन्हा मलिदा करू. पोहे काय, टपाल नाक्यावर मिळतातच."

राफेलने टोपी पुन्हा एकदा सारखी केली. या वेळी तो सरळ बहिणीकडे बघत होता. "एलियाहू हन्नबीच्या नावाने," तो म्हणाला. "हेप्झीचा हात वर जाऊ दे."

"कसा जायचा ते हेप्झी ठरवेल," हेप्झिबाने तेवढ्यात जोड दिली, अगदी ऐकू जाईल अशी.

"आमेन," ज्युडिथ म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत गाणं तिनेच सुरू केलं. दाराजवळ सफूरा डोक्यावरचा पदर पुढे ओढून ओठ हलवत होती. तिची दुआ वेगळी, खांदा तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी इथन उरण नाक्यावर जाऊन आला. हेप्झिबा बाहेरच्या खोलीत बाकावर बसून बुधवारच्या बॅगेत काय काय घालायचं ते ज्युडिथला सांगत होती आणि ज्युडिथ त्यातलं निम्मं बाहेर काढत होती. इथनने स्टूल ओढून भिंतीशी लावलं आणि वर चढला.

"पुट्टी नको," हेप्झिबा म्हणाली. "ती भोकं बुजवायची नाहीत. फळा परत तिथेच जायचाय."

इथनने पाठमोऱ्यानेच मूठ उघडून दाखवली. त्यात पुट्टी नव्हती. स्क्रूच्या आधी भिंतीत ठोकतात त्या चार प्लास्टिकच्या गिट्ट्या होत्या. त्याने पहिल्या भोकात फुंकर मारली, जुना चुना उडाला, त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. मग एक गिट्टी भोकाशी धरून त्याने हातोडा उचलला.

"हळू ठोक," हेप्झिबा म्हणाली. "भिंत जुनी आहे. पण अजून खचलेली नाही."